आलेखावरचा 'म्यू' आणि त्याशेजारचा आकडा

१/
एखाद्या औषधाची रक्तातील पातळी दाखवणारा आलेख डोळ्यांसमोर आणा. उभ्या अक्षावरचे एकक आहे मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रीक 'म्यू' आणि त्याला लागून रोमन 'जी'. हीच फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली. तिथे हवा तो फॉन्ट नव्हता, आणि 'म्यू'च्या जागी रोमन 'एम' उमटला. रेषा तीच, बिंदू तेच, आकडेही तेच. एकक मात्र मिलिग्रॅम झाले. फरक हजारपटीचा, आणि चित्रात कुठेही मोडतोड दिसत नाही.

२/
आलेखावरच्या लेबलाकडून आपण दोन गोष्टींची अपेक्षा ठेवतो. एक, चिन्ह खरे असावे: 'म्यू' म्हणजे 'म्यू'च, 'सिग्मा' म्हणजे 'सिग्मा'च. दोन, शेजारचा आकडा ज्या विदेवरून आलेख काढला तिच्यातूनच आलेला असावा, कुणी आठवणीने टंकलेला नसावा. आज प्रोग्रामच्या एका ओळीत या दोन्ही गोष्टी साधता येतात. त्या एका ओळीपर्यंत पोचायला खोदकाम करणारे कारागीर, नौदलाचा एक भौतिकशास्त्रज्ञ, एक तर्कशास्त्रज्ञ आणि न्यूझीलंडमधील काही संख्याशास्त्रज्ञ अशी माणसे लागली. हा धागा त्या प्रवासाचा.

३/
प्रारंभ विल्यम प्लेफेअरपासून करणे योग्य. १७८६ मध्ये लंडनला त्याचा 'कमर्शियल अँड पोलिटिकल ॲटलस' प्रसिद्ध झाला. त्यात ४४ आलेख होते. त्यांतील ४३ काळानुसार बदलणाऱ्या राशींचे, तर एक स्तंभालेख. ही चित्रे तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली होती. कोरणाऱ्याला प्रत्येक अक्षर आणि प्रत्येक आकडा आरशातल्यासारखा उलटा कोरावा लागे. आयात-निर्यातीचे आकडे मांडणारा एक आणि ते पत्र्यावर उतरवणारा दुसरा. लेबल लिहिणारा हात हिशेब करणाऱ्या हातापासून वेगळा होता.

४/
ही फारकत पुढे दीडशेहून अधिक वर्षे टिकली. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत प्रयोगशाळेतील आलेख रेखनकार शाईने काढीत. अक्षरांसाठी साचे वापरीत, नाहीतर सुंदर हस्ताक्षरावर भिस्त ठेवीत. टंकलेखित प्रबंधात ग्रीक अक्षरांसाठी जागा मोकळी सोडली जाई आणि मागाहून ती पेनाने भरली जाई. सरासरी कागदावर काढायची, ती चित्रकाराला सांगायची, त्याने ती उतरवायची. या तीन टप्प्यांपैकी कुठेही आकडा बदलू शकत होता. शिवाय विदेत दुरुस्ती झाली, तर जुन्या लेबलाला त्याचा पत्ताच लागत नसे.

५/
संगणक आला तेव्हा आकड्याचा प्रश्न सुटेल असे वाटले. चिन्हांचे दारिद्र्य मात्र वाढले. अमेरिकेत १९६३ मध्ये 'आस्की' ही अक्षरसंकेतांची प्रमाण यादी ठरली. लहान रोमन अक्षरे धरून सिद्ध झालेल्या तिच्या १९६७ च्या आवृत्तीत एकूण १२८ संकेत होते. त्यांतले दृश्य स्वरूपाचे, रिकामी जागा धरून, अवघे ९५. ग्रीक लिपीतील एकही अक्षर त्यात नव्हते. अंशाची खूण नव्हती, वर्गाचा छोटा दोन नव्हता. मर्यादित अक्षरसंच असलेल्या यंत्रांसाठी एककांची चिन्हे कशी लिहावीत, याचा आंतरराष्ट्रीय मानकच काढावा लागला. त्याने 'म्यू'च्या जागी रोमन 'यू' चालवून घेतला, कारण आकार थोडाफार जुळतो.

६/
याच यादीतील एका खुणेचा जन्म आपल्या विषयाशी थेट जोडलेला आहे. ती म्हणजे बॅकस्लॅश, उलट्या बाजूला कललेली तिरकी रेघ. १९६१ मध्ये आयबीएममधील बॉब बेमर यांनी तिचा आग्रह धरला. कारण असे की, अल्गोल या भाषेत 'आणि' व 'किंवा' यांसाठी टोक वर व टोक खाली असलेली दोन गणिती चिन्हे होती. सुलटी आणि उलटी तिरकी रेघ शेजारी ठेवली की दोन्ही चिन्हे जुळवता येत. उपलब्ध नसलेले चिन्ह उपलब्ध खुणांतून घडवावे, या गरजेपोटी ही रेघ यादीत आली. पुढे ती याच कामात अनेकांची ठेच ठरली. ते यथाक्रम येईल.

७/
दारिद्र्यावरचा पहिला भव्य उपाय १९६७ चा. अमेरिकन नौदलाच्या व्हर्जिनियातील डालग्रेन येथील शस्त्रप्रयोगशाळेत ॲलन हर्शी हे भौतिकशास्त्रज्ञ काम करीत. संगणकाला पेन हलवून रेघ ओढता येते, तर त्याने सुलेखनही करावे, असा त्यांचा विचार. पेनाने कागदावर रेघा ओढणारी कॅलकॉम्पसारखी आलेखयंत्रे १९५९ पासून बाजारात होती. हर्शींनी प्रत्येक अक्षर लहान सरळ रेषाखंडांत मोडले आणि प्रत्येक खंडाच्या टोकांचे निर्देशांक नोंदवले.

८/
म्हणजे 'सिग्मा' आता शिशाचा खिळा राहिला नाही. तो निर्देशांकांची एक यादी झाला, आलेखातील वक्रासारखाच. रोमन, ग्रीक, रशियन, गॉथिक वळणे, गणिती चिन्हे, इतकेच काय जपानी अक्षरेही हर्शींनी अशी नोंदवली. त्यांच्या पाश्चात्त्य अक्षरसंचाचे निर्देशांक अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने १९७६ मध्ये ग्रंथरूपाने छापले. त्यांत तेराशेहून अधिक आकृती आहेत. 'आर' या संख्याशास्त्रीय भाषेत हर्शींची अक्षरे आजही उपलब्ध आहेत.

९/
चिन्ह काढता येऊ लागले. पण गणित एका ओळीत लिहिले जात नाही. घातांक वर चढतो, पादांक खाली उतरतो, अपूर्णांकात एक पद दुसऱ्याच्या डोक्यावर बसते. ही द्विमिती रचना टंकफलकावरून एकापुढे एक येणाऱ्या अक्षरांनी कशी सांगायची? बेल प्रयोगशाळेतील ब्रायन कर्निघन आणि लोरिंडा चेरी यांनी दिलेले उत्तर १९७५ मध्ये प्रसिद्ध झाले. सूत्र जसे मोठ्याने वाचतात तसेच ते लिहावे: 'एक्स सब आय', 'ए ओव्हर बी'. ग्रीक अक्षर हवे तर त्याचे नाव लिहावे. गणित न येणाऱ्या टंकलेखकालाही ते जमावे, हा त्यांचा स्पष्ट हेतू होता.

१०/
दोनच वर्षांनी डोनाल्ड नूथ यांच्या हाती त्यांच्याच ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते आली. जुनी आवृत्ती खिळे जुळवून छापलेली होती, नवी प्रकाशजुळणीची. सूत्रांचे रूप पाहून ते इतके निराश झाले की, १९७७ मध्ये त्यांनी अक्षरजुळणीची स्वतःची प्रणाली रचायला घेतली. तिचे नाव 'टेक'. ग्रीक टाऊ, एप्सिलॉन आणि काय या तीन अक्षरांचे. घातांक किती वर, किती लहान, अपूर्णांकाची रेघ कुठे, याचे बारीक नियम नूथ यांनी प्रथमच पूर्णपणे यंत्राला समजतील असे लिहून काढले. आज्ञा ओळखू यावी म्हणून तिच्यापुढे त्यांनी ठेवली तीच उलटी तिरकी रेघ.

११/
ही जुळणी आलेखाच्या आत कशी न्यायची? जॉन बेंटली आणि कर्निघन यांनी १९८६ मध्ये 'ग्रॅप' या आलेखभाषेचे वर्णन प्रसिद्ध केले. आलेखाचे वर्णन प्रथम चित्रभाषेत उतरे, त्यातील सूत्रे सूत्रभाषेकडे जात, आणि शेवटी सारे जुळणीयंत्रणेच्या हाती येई. एका पन्हळीतून दुसऱ्या पन्हळीत पाणी जावे तसा हा प्रवास. अक्षावरील चिन्ह आणि परिच्छेदातील चिन्ह आता एकाच हातचे झाले.

१२/
त्याच सुमारास छपाईयंत्रे पोस्टस्क्रिप्ट ही भाषा बोलू लागली. अडोबी कंपनीची ही भाषा १९८४ ची. तिच्यासोबत 'सिंबल' नावाचा फॉन्ट येई, आणि त्याची योजना चतुर होती: रोमन 'ए'च्या संकेतावर अल्फा, 'एस'च्या संकेतावर सिग्मा, 'एम'च्या संकेतावर 'म्यू'. फॉन्ट बदलला की तोच संकेत ग्रीक दिसे. आलेख काढणाऱ्या कित्येक साधनांनी ही सोय उचलली; १९८६ मध्ये आलेल्या नूप्लॉटमध्येही 'सिंबल फॉन्टमधला एम' असे सांगून 'म्यू' मिळवण्याची रीत रुळली.

१३/
या धाग्याच्या पहिल्या नोंदीतील अपघाताचे मूळ इथे आहे. फाइलमध्ये साठवलेला असतो तो 'एम'. 'म्यू' हा केवळ त्याचा वेश. फॉन्ट हरवला की वेश गळतो. अन्य एखादे चिन्ह असते, तर चौकोन किंवा निरर्थक खूण दिसून वाचक सावध झाला असता. इथे जे उरते तेही अर्थपूर्ण एकक असते. हस्तलिखितात तर 'म्यू' आणि 'एम' यांची गफलत फॉन्टाविनाही होते. म्हणूनच औषधोपचारातील सुरक्षिततेसाठी काम करणारी अमेरिकेतील संस्था 'म्यू'युक्त मायक्रोग्रॅम चिन्ह टाळून 'एम-सी-जी' लिहायला सांगते. ज्या क्षेत्रात चूक जिवावर बेतते, तिथे चिन्हाचाच त्याग करणे शहाणपणाचे ठरले.

१४/
आता दुसऱ्या अपेक्षेकडे, आकड्याकडे वळू. बेल प्रयोगशाळेत १९७६ मध्ये जॉन चेंबर्स आणि सहकाऱ्यांनी 'एस' ही संख्याशास्त्रीय भाषा सुरू केली. हिशेब आणि आलेख एकाच ठिकाणी, हे तिचे वैशिष्ट्य. नव्वदच्या दशकात ऑकलंड विद्यापीठातील रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी तिच्या वळणाची 'आर' भाषा रचली. बाह्यरूप 'एस'चे, तर अंतरंग लिस्प कुळातील 'स्कीम' या भाषेकडून घेतलेले. हे दुहेरी कुळ आपल्या कथेत निर्णायक ठरते.

१५/
प्रश्न असा. त्रिज्या ५ असलेल्या वर्तुळावर लेबल हवे: 'पाय गुणिले त्रिज्येचा वर्ग बरोबर ७८.५४'. डावीकडचा 'पाय' हा अक्षर म्हणून राहायला हवा. उजवीकडचा आकडा मात्र त्याच 'पाय'ची किंमत घेऊन मोजलेला हवा. संगणकाला 'पाय' हा शब्द दिला की तो तत्काळ ३.१४१५९३ करून मोकळा होतो. अवतरणात दिला, तर 'पाय' या नावाचे स्पेलिंग जसेच्या तसे छापतो. एकाच ओळीत काही भाग मोजू नये आणि काही भाग मोजावा, हे त्याला सांगायचे कसे?

१६/
हा प्रश्न संगणकाहून जुना आहे. 'पुणे मुठेच्या काठी आहे' या वाक्यात पुणे म्हणजे शहर; '"पुणे" दोन अक्षरी आहे' या वाक्यात पुणे म्हणजे शब्द. शब्द वापरणे आणि शब्दाचा उल्लेख करणे या वेगळ्या क्रिया आहेत. अवतरणचिन्ह उल्लेख दाखवते. पण एकदा ते लावले की आतले सारेच गोठते. अमेरिकन तर्कशास्त्रज्ञ विलर्ड क्वाइन यांनी १९४० च्या 'मॅथेमॅटिकल लॉजिक' या ग्रंथात अर्धवट अवतरणाची युक्ती मांडली. कोपऱ्यासारख्या विशेष खुणांच्या आतील मजकूर गोठलेला राहतो, पण चलाक्षरांच्या जागी त्यांचे मूल्य येऊन बसते.

१७/
छापील पावतीपुस्तक हे त्याचे आपल्या ओळखीचे रूप. 'श्री. ... यांजकडून रुपये ... मिळाले' हा मजकूर छापलेला, अचल. रिकाम्या जागा मात्र प्रत्येक व्यवहारागणिक भरायच्या. जॉन मॅकार्थी यांनी १९६० च्या निबंधात मांडलेल्या लिस्प भाषेत प्रोग्राम हीच एक यादी असते, म्हणजे विदाही आणि आज्ञाही. त्यामुळे 'हे मोजू नकोस, जसेच्या तसे ठेव' असे सांगणारी अवतरणक्रिया तिला पहिल्यापासून लागली. सत्तरच्या दशकात लिस्पच्या बोलींत उलटे अवतरणचिन्ह आले: सारे जसेच्या तसे ठेव, फक्त स्वल्पविराम लावलेली जागा भर. क्वाइन यांची युक्ती अशी प्रोग्रामकारांच्या हाती आली.

१८/
'आर' भाषेला हा वारसा स्कीममार्गे मिळाला होता. पॉल मरेल आणि रॉस इहाका यांनी त्यावर आलेखातील गणिती लेखनाची व्यवस्था उभारली आणि २००० मध्ये तिच्यावर निबंध प्रसिद्ध केला. त्यांची सूझ अशी: सूत्रासाठी वेगळी भाषा आणायचीच कशाला? 'आर'मधील पदावलीच न मोजता आलेखाकडे द्यावी. मोजले तर जो भागाकार होतो, तो काढला तर अपूर्णांक दिसेल. चौकटी कंसातील क्रमांक पादांक होईल. 'अल्फा' हे नाव अक्षर होईल. मांडणीचे नियम नूथ यांच्या टेकच्या धर्तीवरचे.

१९/
या व्यवस्थेच्या काही रीती नवशिक्याला चकवतात, आणि त्यांचे कारण इतिहासात आहे. सूत्रात 'बरोबर'चे एक चिन्ह हवे असेल, तर प्रोग्राममध्ये दोन लिहावी लागतात, कारण एकट्या चिन्हाला भाषेत निराळे काम आहे. दोन पदे चिकटवायला गुणाकाराची तारका, मध्ये जागा सोडायला नागमोडी रेघ. लेबल हे दिसायला मजकूर, पण व्याकरणाने वैध पदावलीच असावे लागते. एखादे वाक्य थेट लिहून टाकले की भाषा ते नाकारते. सामान्य शब्द अवतरणात ठेवावे लागतात.

२०/
आणि रिकामी जागा? तिच्यासाठी 'बीकोट' ही क्रिया. लिस्पच्या उलट्या अवतरणाचीच ही प्रतिकृती, असे तिच्या अधिकृत वर्णनातच नमूद आहे. लिस्पमधल्या स्वल्पविरामाच्या जागी इथे टिंब आणि कंस. वर्तुळाच्या लेबलात सारी पदावली बीकोटमध्ये ठेवायची. डावा 'पाय' मोकळा सोडायचा, म्हणजे तो अक्षर राहतो. उजवा हिशेब टिंबाच्या कंसात घालायचा, म्हणजे तो मोजला जातो आणि ७८.५४ होऊन येतो. त्रिज्या ६ केली की लेबल आपोआप बदलते. पावतीपुस्तक छापले, भरले आणि दिले, सारे एका ओळीत.

२१/
याचे मोल एका प्रसिद्ध उदाहरणात दिसते. १९७३ मध्ये फ्रँक अन्स्कोम यांनी प्रत्येकी ११ बिंदूंचे चार संच रचले. चारही संचांत आडव्या राशीची सरासरी ९, उभ्या राशीची ७.५, सहसंबंध गुणांक सुमारे ०.८२; समाश्रयण रेषाही जवळपास एकच. काढून पाहिले तर एक संच रेषेभोवती विखुरलेला, दुसरा कमानीसारखा वळलेला, तिसऱ्यात एक बिंदू भरकटलेला, आणि चौथ्यात एक बिंदू सोडून सारे एकाच उभ्या रेघेत. चार चौकटींवर गुणांक प्रोग्रामनेच मोजून लिहिला, तर वाचकाला खात्री पटते की समान आकडा हा हातचलाखीचा परिणाम नाही. आकडा आणि आकृती एकाच विदेतून आली आहेत, म्हणूनच त्यांतला विरोध बोलका होतो.

२२/
मोजलेला आकडाही जसाच्या तसा लेबलात बसत नाही. दोन दशांश स्थळांपर्यंत गोल केलेला ०.३० हा संख्या म्हणून ०.३ होतो, शेवटचे शून्य यंत्राला अनावश्यक वाटते. वाचकासाठी मात्र ते शून्य मापनाची अचूकता सांगत असते. त्याहून घातक म्हणजे अतिसूक्ष्म संभाव्यता. तीन स्थळांपर्यंत गोल केली की ती शून्य छापली जाते, आणि शून्य संभाव्यता म्हणजे अशक्य, असा भलताच दावा उभा राहतो. 'आर'चे तयार अहवाल इथे '२.२ गुणिले १० चा उणे १६ वा घात याहून कमी' असे लिहितात; ती मर्यादा संगणकी अंकगणिताच्या सूक्ष्मतेवरून घेतलेली आहे. म्हणून आकडा लेबलात भरण्यापूर्वी तो कसा लिहायचा, हे ठरवणे मोजणाऱ्याचेच काम.

२३/
पायथॉन भाषेची वाट वेगळी. अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूतील विद्युत्संकेतांवर काम करणाऱ्या जॉन हंटर यांनी २००३ मध्ये मॅटप्लॉटलिब खुले केले. त्यात लेबल म्हणजे साधी शब्दमाला. डॉलरच्या दोन खुणांमध्ये टेकच्या रीतीने सूत्र लिहायचे. टेक वेगळे बसवण्याचीही गरज नाही. सूत्र मांडणारा छोटा भाग ग्रंथालयातच आहे. इथे बेमर यांच्या उलट्या रेघेने पेच टाकला. पायथॉनच्या शब्दमालेत ती रेघ सी भाषेच्या परंपरेने विशेष अर्थ घेऊन येते: तिच्यापुढे 'एन' आला की नवी ओळ, 'टी' आला की टॅबची मोकळी जागा.

२४/
परिणाम असा की, 'न्यू' हे ग्रीक अक्षर मागावे तर ओळ तुटते आणि पुढे एकटा 'यू' उरतो. 'थीटा' मागावा तर मोकळी जागा आणि 'हेटा'. एका खुणेला दोन धनी, आणि दोघांचेही हुकूम वेगळे. उपाय म्हणून शब्दमालेपुढे 'आर' लावून 'ही कच्चीच ठेव' असे सांगतात. डिसेंबर २०१६ मध्ये आलेल्या पायथॉन ३.६ ने महिरपी कंसात चल घालून त्याची किंमत थेट शब्दमालेत आणण्याची सोय दिली. ही पुन्हा क्वाइन यांचीच रिकामी जागा. पण टेकमध्येही घातांक बांधायला महिरपी कंसच लागतात. म्हणून टेकचे कंस दुहेरी लिहायचे आणि मोजण्याचे एकेरी.

२५/
१९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि वेशांतराचा प्रश्न मुळापासून सुटण्याची वाट खुली झाली. 'म्यू'ला स्वतःचा संकेत मिळाला. फॉन्ट हरवला तर रिकामा चौकोन दिसेल, 'एम' नव्हे. तरी जुन्या याद्यांशी इमान राखण्यासाठी दोन 'म्यू' ठेवावे लागले: एक मायक्रोचे चिन्ह, दुसरे ग्रीक लिपीतील अक्षर. दिसायला बहुधा सारखे, संगणकाला वेगळे. एका आलेखात एक आणि दुसऱ्यात दुसरा वापरला, तर शोध घेताना निम्मी लेबले सापडत नाहीत.

२६/
मराठी लेबलाची कथाही याच धाग्यात ओवलेली आहे. भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' हे राष्ट्रीय मानक १९९१ मध्ये ठरले. पुण्याच्या सी-डॅकच्या 'जिस्ट' तंत्रज्ञानाने त्याचा प्रसार केला, आणि युनिकोडमधील देवनागरीची मांडणी 'इस्की'च्या १९८८ च्या आराखड्यावर बेतली गेली. 'कि' लिहिताना संकेत आधी 'क'चा येतो, वेलांटी नंतर. कागदावर मात्र ऱ्हस्व वेलांटी आधी काढायची असते. अक्षरे नुसती एकापुढे एक ठेवणारे आलेखसाधन इथे फसते. घातांक चढवण्यासारखाच हा प्रश्न: लिहिण्याचा क्रम आणि दिसण्याची रचना भिन्न. शिवाय मोजलेला आकडा आंतरराष्ट्रीय अंकांत येतो. 'पाऊस ३४ मिलिमीटर' असे लेबल हवे, तर एकेक अंक देवनागरीत बदलण्याची पायरी प्रोग्राममध्ये घालावी लागते.

२७/
या साऱ्या खटाटोपामागे एक नैतिक आग्रह आहे. स्टॅनफर्डचे भूभौतिकशास्त्रज्ञ जॉन क्लेअरबाउट आणि मार्टिन कारेनबाख यांनी १९९२ मध्ये मांडले की, संशोधनलेखातील आकृती वाचकाला एका आज्ञेने पुन्हा घडवता आली पाहिजे. २००२ मध्ये फ्रीडरिश लाइश यांच्या 'स्वीव्ह'ने हाच न्याय 'आर'मधील अहवालाच्या परिच्छेदांना लावला. मजकुरातले आकडेही हिशेबातून येऊ लागले. हाताने टंकलेला एकच आकडा लेबलात राहिला, तर आकृती पुन्हा घडते, पण त्या जागी जुनेच विधान पुन्हा छापले जाते.

२८/
वाचकाने आलेखाची विदा पाहिलेली नसते, प्रोग्राम वाचलेला नसतो. त्याच्या हाती असते ती रेषा आणि तिच्याजवळचे चार शब्द. रेषेचा अर्थ ते शब्दच ठरवतात: कोणती राशी, कोणते एकक, किती निरीक्षणे, किती सहसंबंध. म्हणून 'म्यू' खरा असणे आणि शेजारचा आकडा ताजा असणे या सजावटीच्या बाबी नाहीत. पुढच्या वेळी आलेख दुसऱ्या कुणाकडे पाठवण्यापूर्वी दोन गोष्टी जरूर पाहाव्यात: फाइल दुसऱ्या यंत्रावर उघडून एककाचे अक्षर टिकते का, आणि विदेतील एक ओळ बदलली तर लेबलातला आकडा हलतो का.

धागा समाप्त.